पंधरा जुलैपर्यंत चार बोलर

रविवार, १ एप्रिल १९७३

अर्बन चालला. बहरीनला. आधी वाटलं एप्रिल फूल करतोय, म्हणून हसले, तर त्याने खिशातून पत्रच काढून दाखवलं. तेलाच्या कंपनीत फिटर, मे अखेरीला विमान. सगळ्यांनी पाठ थोपटली, मीही थोपटली. पण मनात एकच आकडा फिरत होता. गेल्या पावसाळ्यात आमच्या पाखाडी क्लबने लीगमध्ये एक्कावन्न विकेट घेतल्या, त्यातल्या एकोणतीस एकट्या अर्बनच्या. स्कोअरबुक माझ्याकडे असतं, त्यामुळे असलं सगळं पाठ असतं. फास्ट बोलर म्हणावा असा दुसरा माणूस आमच्याकडे नाही.

चर्चमधला मिस्सा आटपून सगळे मैदानावरच्या चिंचेखाली जमले तेव्हा कॅप्टन इग्नेशियसने सरळच सांगून टाकलं. म्हणाला, "दोन वर्षं आपण शेवटून दुसरे. आता अर्बन पण नाही. १५ जुलैला पहिली मॅच, घाटकोपरवाल्यांशी. ती बघू. तिथे नीट लढता आलं नाही तर मी लीगला पत्र देतो, आमचं नाव काढा म्हणून. दर रविवारी मार खायला जायचं, मला नाही जमणार."

मला राग आला. सतरा वर्षं मी या क्लबचा स्कोअर लिहितेय. आठवड्याचे सहा दिवस ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची आणि सातव्या दिवशी इथे येऊन माणसात यायचं, असं माझं चाललंय. हे बंद झालं तर रविवारी काय करू? वनमालावहिनीबरोबर पापड लाटू?

वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: १५ जुलैपर्यंत चार बोलर. १) कॉस्मस, अर्धा. २) ३) ४) रिकामे.

रविवार, ८ एप्रिल

आज प्रॅक्टिसला मुद्दाम कॉस्मसचा एकेक चेंडू मोजला. चोवीसपैकी अकरा आखूड. डावा खांदा कानाच्या वर जात नाही. चव्वेचाळीस वर्षं वय, वर शेती. पूर्वी याचा चेंडू हवेत थांबून विचार करायचा. आता नुसता थांबतो.

कॉस्मस संपला. लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू? मैदान त्याच्या मालकीचं, म्हणजे भात कापल्यावर त्याचं शेतच आमचं मैदान होतं. पण शेत त्याचं म्हणून बोलिंगही त्याचीच, असं थोडंच आहे? सतरा वर्षांपूर्वी त्यानेच मला या चिंचेखाली बसवलं होतं. त्या दिवशी स्कोअरर आला नव्हता. विहिरीवरून जाताना मला हाक मारून म्हणाला, "काय गो, लिहिता येतं ना? मग बस." तेव्हापासून बसलेय. म्हणून काय त्याला जन्मभर टीममध्ये ठेवायचं?

जाताना म्हणाला, "जयंती, तू विहिरीकडे बसत जा. तिथून बरं दिसतं." म्हटलं, माझी जागा ठरलेली आहे, बोलरच्या बरोब्बर पाठीमागे, तिथून लाइन दिसते. तो म्हणाला, "लाइनच दिसते." मग खुर्ची उचलून वाटेवरच्या क्रुसापर्यंत आणून दिली. ती तो नेहमीच आणतो.

मंगळवार, १७ एप्रिल

बोलर सापडला. तोही ऑफिसातून येताना, खाणीपाशी.

कॉन्ट्रॅक्टरची पोरं कैऱ्यांकडे बघत उभी होती आणि एक खडी फोडणारा माणूस चाळीसेक पावलांवरून दगड मारून त्यांना कैऱ्या पाडून देत होता. चार दगडांत चार कैऱ्या. पाचवा दगड देठाला लागला. मी थांबलेच. नाव अंबादास, तेवीस वर्षांचा, नगरकडचा. गावात पाऊस नाही, पाणी नाही म्हणून मागच्या दिवाळीला मुंबई गाठली. विचारलं, नेम कुठे शिकलात? "ज्वारीची राखण करायचो, ताई. माळ्यावर हुभं ऱ्हाऊन गोफणीनं पाखरं हाकायची. गोफण तुटली की हातानं."

क्रिकेट खेळलात का कधी? "न्हाई. बघितलंय लांबनं."

म्हटलं, झकास. सवयी लागलेल्या नाहीत, म्हणजे मोडायलाही नकोत. ईस्टरनंतरच्या रविवारी ये म्हणून सांगितलं.

रविवार, २९ एप्रिल

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

कॉस्मसच्या बहिणीने, लूर्डसने, बाटली मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. कुठे? आमच्या मॅटिंगवर. "एवढं मोठं काथ्याचं जाजम आठवडाभर उन्हात नुसतं पडून असतं, मग घातल्या," म्हणाली. मिरच्या उचलल्या, पण भुकटी काथ्यात बसलेली. पहिल्याच चेंडूचा टप्पा पडला आणि लाल ढग उठला. विकेटकीपर शिंकता शिंकता कॅच सोडून बसला. दुसऱ्याने डोळे चोळले आणि आणखीच वाट लागली. कॉस्मसच्या बोटांची तासभर आग होत होती. तो बादलीत हात घालून बसला आणि हसत होता. त्याला कशाचंही हसू येतं.

मग अंबादास आला. अनवाणी. चार पावलं धावला, हात फिरवला, आणि इग्नेशियसचा ऑफस्टंप मागे कुंपणापाशी जाऊन पडला. दुसरा चेंडू, मधला स्टंप. इग्नेशियसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरचीचं की आनंदाचं, कळायला मार्ग नव्हता. अर्बनपेक्षा वेगवान. चार पावलांत एवढा वेग मी आजवर कोणाचा पाहिला नाही. नुसती बंदुकीची गोळी.

सगळे नाचत होते. फक्त कॉस्मस स्क्वेअर लेगला उभा होता, तो नाचला नाही. मागच्या पानावर क्रमांक दोनला नाव लिहिलं.

रविवार, ६ मे

आज मसाला कुटायचा दिवस. कुटणाऱ्या बायकांनी चिंचेची सावली धरली. चार उखळं, मुसळांचा धबधब आवाज, आणि त्यांची गाणी. त्यामुळे माझं टेबल हलवावं लागलं. कॉस्मसने खुर्ची उचलली आणि माझ्या हो-नाहीची वाट न पाहता विहिरीपाशी नेऊन ठेवली. बोलरच्या बाजूला, अगदी आडवी. तो शेजारीच फील्डिंगला उभा राहिला.

अंबादासने सहा ओव्हर टाकल्या. बाजूने तो वेगळाच दिसतो. हात वर जाताना कोपर... मिरचीचा खकाणा सगळीकडे होता, डोळ्यांत पाणी, नीट दिसलं नाही.

कॉस्मसने विचारलं, "दिसलं ना?" म्हटलं, काय? तो दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला. मला काय ते कळतं. सतरा वर्षं एका टोकाचा बोलर होता, आता त्याच्या नाकासमोर नवा माणूस स्टंप उडवतोय. असूया माणसाला होणारच. पण कॉस्मसकडून ही अपेक्षा नव्हती. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

लूर्डसने निघताना मसाल्याच्या दोन बाटल्या दिल्या. दरवर्षी दोनच देते. वहिनी म्हणते आख्ख्या आळीत सगळ्यांना एक. लूर्डस म्हणाली, "तुमचा दोघांचा स्कोअर सतरा वर्षं तिथल्या तिथंच थांबलाय गो." घरी येऊन १९५६ पासूनची सगळी स्कोअरबुकं काढली. अपूर्ण डाव एकही नाही. उगाच काहीतरी बोलते.

रविवार, १३ मे

पुन्हा चिंचेखाली, माझ्या जागेवर. अंबादास उत्तम. लाइन अचूक.

इग्नेशियसने हळूच येऊन विचारलं, "तुला तिथून काही वावगं दिसत नाही ना?" म्हटलं नाही. तो म्हणाला, "बस्स. मलाही नाही दिसत. आणि स्क्वेअर लेगचा अंपायर पावसात छत्री सांभाळेल की दुसऱ्याचं कोपर बघत बसेल? कोणी फेकी म्हणालंच तर तेव्हाचं तेव्हा."

कोण म्हणणार आहे, ते मी विचारलं नाही.

रविवार, २० मे

अर्बनचा निरोप. त्याने शेवटची ओव्हर टाकली. मेडन. स्कोअरबुकातून ते पान फाडून त्याला द्यावं असं वाटत होतं, पण पानं फाडत नसतात. निघताना मला म्हणाला, "जयंती, अंबादासला बोलिंग शिकव." म्हटलं, शिकवायचं काय त्याला, येतेच की. तो कॉस्मसकडे बघून हसला आणि गेला. स्कूटरवरून दिसेनासा होईपर्यंत सगळे उभे होते. पाच वर्षं माणूस एका टोकाने बोलिंग टाकतो आणि एका संध्याकाळी ते टोक रिकामं होतं.

बुधवार, २३ मे

आज ऑफिसात साहेबांनी माझं चार पानी पत्र न वाचताच सही करून पाठवलं. म्हणाले, "जयंतीबाईंनी टाइप केलंय, त्यात चूक नसणार." मला एकदम या वहीतलं एक पान आठवलं.

मी कधीही काही खोडत नाही. स्कोअरबुकात खोडरबर चालत नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. सतरा वर्षांत माझ्या अशा नऊ रेघा आहेत.

आता ६ मेचं पान काढलं. "नीट दिसलं नाही" यावर रेघ मारली. सही केली. दहावी.

दिसलं होतं. कोपर वाकलेलं येतं आणि चेंडू सुटताना झटक्याने सरळ होतं. तो बोलिंग टाकत नाही, दगड मारतो. पाखरांना मारायचा तसा. कॉस्मसला पहिल्या दिवशीच दिसलं, इग्नेशियसला दिसतंय, अर्बनला दिसलं. न दिसणारी मी एकटी, कारण मी अशा जागी बसते जिथून ते दिसत नाही. आणि कॉस्मसला असूया होते असं मी याच वहीत लिहून ठेवलंय. माझी मलाच शरम वाटली.

१५ जुलैला त्रेपन्न दिवस आहेत. काहीही होवो, माझ्या स्कोअरबुकात फेकलेली विकेट मी लिहिणार नाही.

रविवार, २७ मे

आधी कॉस्मसला सांगितलं. विहिरीपाशीच. म्हटलं, मला दिसलं होतं, तरी मी नाही म्हणाले. आणि तुझ्याबद्दलही वाईट विचार केला. तो म्हणाला, "काय विचार केलास?" म्हटलं, ते सांगणार नाही. तो म्हणाला, "मग राहू दे. तू आलीस ना विहिरीकडे." त्याला एवढंच पुरलं. मला वाटलं होतं चार गोष्टी सुनावेल.

मग अंबादासला. त्याला गोलंदाजी आणि फेकणं यांतला फरक कॉस्मसने हाताने करून दाखवला. अंबादासने चेंडू हातात फिरवला. म्हणाला, "मंग त्यो खडा झाला. चेंडू न्हाई झाला." म्हटलं, हो. "म्हंजी मी टाकलेलं समदं खोटं?" म्हटलं, आत्तापर्यंतचं, हो. तो उठून चालायला लागला. मी त्याच्या मागे गेले, चांगली क्रुसापर्यंत. म्हटलं, सात आठवडे आहेत. सकाळी सहाला यायचं, आठला खाणीवर. येणार की नाही ते आत्ता सांग. नाहीतर मला दुसरा शोधायला मोकळं कर.

म्हणाला, "तुमी येनार का रोज?"

म्हटलं, येईन.

शनिवार, २ जून

ऑफिसातल्या दोन लाकडी फूटपट्ट्या आणल्या. जुलैत परत ठेवीन. अंबादासच्या कोपराच्या दोन्ही बाजूंना लावून वर क्रेप बँडेज गुंडाळलं. हात काठीसारखा सरळ. पहिला चेंडू विहिरीत. दुसरा कुंपणाबाहेर, तिसरा विहिरीत. कॉस्मस पाण्यात उतरून चेंडू काढताना म्हणाला, "लाइन बरोबर आहे, विहिरीची."

अंबादास हसला नाही. मीही नाही हसले, पण घरी येऊन हसले.

रविवार, १० जून

इग्नेशियस भडकला. "माझ्याकडे एक फास्ट बोलर होता, त्याचा हात तू फळीला बांधून ठेवलास. तुला क्लब चालवायचाय की शाळा?" म्हटलं, क्लबच. पाखाडीच्या नावापुढे फेकी लागलं तर पत्र द्यायची गरजच नाही, लोकच नाव काढून टाकतील. तो म्हणाला, "कोणाला दिसणार नव्हतं गं." म्हटलं, मला दिसणार होतं, आणि लिहिणारी मी आहे.

मग त्याने पॅड बांधली आणि नेटमध्ये जाऊन उभा राहिला. फूटपट्टीवाल्या अंबादासचे तीस चेंडू मुकाट्याने खेळला. अंगावर दोन घेतले. इग्नेशियस असा आहे.

रविवार, १७ जून

चाळीस चेंडू, नऊ स्टंपच्या रेषेत. वेग निम्मा. पण काल एक आपोआप आत वळला. कॉस्मस धावत आला, त्याच्या बोटांत चेंडू कसा होता ते बघून पुन्हा तसाच धरायला लावला. चेंडू शिवणीवर कसा बसवायचा, मनगट कसं ठेवायचं, हे तो त्याला रोज एकेक दाखवतो. स्वतःचा खांदा दुखत असताना. पलीकडच्या शेतावरून येतो, पायांना चिखल, तिथूनच परत जातो.

वहिनीने विचारलं, "रोज पहाटे उठून कुठे जातेस एकोणचाळीसाव्या वर्षी?" म्हटलं, बोलिंग बघायला. म्हणाली, "कोणाची?" म्हटलं, अंबादासची. ती हसली. यात हसण्यासारखं काय ते मला कळलं नाही.

बुधवार, २७ जून

पट्ट्या सोडल्या. मोकळ्या हाताने वीस चेंडू. मी विहिरीपाशी बसून एकेकावर खूण केली. एकोणीस स्वच्छ. विसावा, दमल्यावर, वाकला. अंबादासने माझ्याकडे बघितलं, मी नकारार्थी मान हलवली. त्याने तोच पुन्हा टाकला. स्वच्छ.

पाऊस लागला आहे, मॅटिंग गुंडाळून लूर्डसच्या माळ्यावर. मिरचीचा वास अजून जात नाही.

रविवार, ८ जुलै

पुढच्या रविवारी मॅच, आणि कॉस्मसची भाताची आवणी राहिलेली. मागच्या साली पिकाने दगा दिला, यंदा पाणी वेळेवर आहे, तर तो रोपं सोडून बोलिंगला यायचा नाही. आणि सगळी रोपं एकट्याने लावली तर खांदा उरायचा नाही. मी शनिवारीच इग्नेशियसला म्हटलं, आपला अर्धा बोलर चिखलात जाणार. तो म्हणाला, "मग आपणच जाऊ."

अख्खी टीम उतरली. पॅंटी गुडघ्यावर. अंबादास सगळ्यांत पुढे, चिखलात हात घालायला मिळाल्यावर त्याचा चेहराच बदलला. मी साडी खोचून उतरले. वहिनीला कळलं तर बेशुद्ध पडेल. लूर्डस बांधावरून म्हणाली, "ओळ सरळ धरा गो." मी म्हटलं, सरळ रेघ मला येते.

ज्या ठिकाणी अर्बन रनअप घ्यायचा तिथे मी लावणी केली. बोलिंग क्रीजवर कॉस्मसने. कॉस्मसला आम्ही फक्त रोपांच्या मुठी बांधायला बसवलं होतं, पण तो ऐकतोय कुठे. तेवढी एक ओळ उजव्या हाताने लावली. म्हणाला, "इथं मीच लावणार."

मागचं पान: १) कॉस्मस. २) अंबादास. ३) इग्नेशियस, वेळप्रसंगी. ४) रिकामं. शोधायचं राहून गेलं.

रविवार, १५ जुलै

घाटकोपर. मैदान ओलं, चेंडू साबणासारखा. सकाळी पहिलं काम केलं ते म्हणजे माझं टेबल उचलायला लावून आडव्या बाजूला नेलं. घाटकोपरचे स्कोअरर अनंतराव म्हणाले, "इथून लाइन दिसत नाही, बाई." म्हटलं, बाकी सगळं दिसतं.

आम्ही शहाण्णव. इग्नेशियस चौतीस.

मग कॉस्मस. त्या ओल्या मैदानावर त्याचा चेंडू पुन्हा हवेत थांबून विचार करायला लागला. एका टोकाने एकवीस ओव्हर, अडतीस धावा, सहा विकेट. दुसऱ्या टोकाने इग्नेशियस आणि अंबादास आलटून पालटून. इग्नेशियसला दोन, अंबादासला एक. ती अंबादासची विकेट यष्टीमागे झेल, चेंडू आत येता येता बाहेर गेला. मी विकेट लिहिली आणि पेन्सिलचं टोक मोडलं.

चौऱ्याण्णवला नऊ. त्यांना तीन हव्यात. कॉस्मसची एकविसावी ओव्हर संपली आणि त्याने डावा हात उजव्या हाताने धरला. तो स्क्वेअर लेगला आला, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मी विचारलं, दुखतंय? म्हणाला, "आत्ता विचारू नको."

चेंडू अंबादासच्या हातात. इग्नेशियस त्याच्याजवळ गेला आणि कानाशी काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, पण बोलताना त्याने कोपर वाकवून दाखवलं. पाऊस भुरभुरत होता. स्क्वेअर लेगचा अंपायर खरोखरच छत्री धरून उभा होता. एक, फक्त एक तसा चेंडू, आणि शेवटच्या गड्याचा स्टंप कुंपणापाशी. अख्ख्या घाटकोपरात कोणाला कळलं नसतं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, टाक. या वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. मला वाटलं, टाक बाबा.

अंबादासने आमच्या टेबलाकडे बघितलं.

पहिला, सरळ हात. बॅटला चाटून गेला नाही इतकंच. दुसरा, सरळ. तिसरा त्याच्या बॅटच्या आणि पॅडच्या मधून गेला आणि स्टंपला चुकला, सगळे जागच्या जागी वाकले. चौथा थोडा आखूड पडला. त्या गड्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू कॉस्मसच्या डोक्यावरून गेला. कॉस्मसने हात वर केला, डावा, तो कानापर्यंतच गेला.

मी चार लिहिले.

एका विकेटने हरलो. अनंतराव म्हणाले, "तुमचा तो पोरगा स्वच्छ टाकतो हं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आज मिरची नव्हती.

सगळे तंबूत चहा घेऊन बसले होते. इग्नेशियसने बॅगेतून पाकीट काढलं. लीगला द्यायचं पत्र, लिहून आणलेलं होतं. तेवढ्यात अंबादास टेबलापाशी आला. "ताई, माझं काय लिवलं?" वही वळवून दाखवली. आठ ओव्हर आणि चार चेंडू, एकोणतीस धावा, एक विकेट. वाचता येत नाही त्याला, पण त्याने बोट ठेवून बघितलं. विचारलं, "समदं चेंडूच ना?" म्हटलं, सगळे चेंडूच.

मग तो इग्नेशियसकडे वळला. "म्होरल्या आयतवारी कुठं यायचं?"

इग्नेशियसने टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "मुलुंड. साडेनऊ. उशीर केलास तर घेणार नाही." आणि पत्र माझ्यापुढे टाकलं. "मागची बाजू कोरी आहे. टीम लिही."

लिहायला बसले. पहिलं नाव कॉस्मस. तो मागून म्हणाला, "माझा हात वर जात नाही गो." म्हटलं, सहा दिवस आहेत.

सोमवार, १६ जुलै

फूटपट्ट्या ऑफिसात परत ठेवल्या. एकीवर लाल डाग आहे, पुसला तरी जात नाही.

संध्याकाळी कॉस्मसच्या खांद्याला तेल द्यायला गेले. लूर्डस घरात नव्हती. पडवीत बसून रोपांकडे बघत होतो. क्रीजवरची ओळ सगळ्यांत सरळ उभी आहे. तो म्हणाला, "मुलुंडलाही आडवीच बस. माझ्या बाजूला." म्हटलं, बसेन. तिथून नीट दिसतं. तो म्हणाला, "सतरा वर्षं तेच सांगतोय."

घरी येईपर्यंत त्या वाक्याचा विचार करत होते. विहिरीकडे बस, असं तो एप्रिलपासून म्हणतोय असं मला वाटत होतं. आता आठवतंय, त्याच्या आधीही म्हणायचा. मी कधी ऐकलंच नाही. आणि लूर्डस कुठल्या डावाबद्दल बोलत होती, तेही मग हळूहळू कळत गेलं. वहिनीने ताट वाढलं, मी जेवले की नाही मला आठवत नाही.

चौथा बोलर अजून शोधायचाय. मुलुंडचं मैदान लवकर वाळतं, तिथे फास्ट लागेल.

त्याआधी एक काम. ८ एप्रिलचं पान काढलं. "कॉस्मस संपला." पट्टी न लावता हातानेच एक रेघ मारली, सरळ आली. खालचं वाचता येतं. बाजूला सही केली. अकरावी.